आंबेखोलची आगबोट

मित्रांनो, लोक मला आगबोट म्हणत आले, पण माझ्या पोटात कधी आग नव्हती आणि वाफही नव्हती. मी डिझेलवर चालणारी एक लाकडी लाँच. आता म्हातारी झाले आहे. बाजूच्या फळ्यांना भेगा पडल्या आहेत आणि पाण्यात उतरून बरीच वर्षं झाली आहेत. मला पाण्यात चालताना पाहिलेली माणसं हळूहळू कमी होत चालली, म्हणून माझी हकिकत मीच तुम्हाला सांगते. ती फार आनंदाची नाही. तरी ऐकून घ्या.

माझा जन्म कोकणातला, मालवणजवळच्या एका खाडीकाठचा. एका म्हाताऱ्या सुतारानं आणि त्याच्या मुलानं मला बांधलं. फळ्या सागाच्या, फासळ्या फणसाच्या. फटींमध्ये तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवला आणि वरून राळ लावली. मी समुद्रात जाणार असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. मी घाट चढून एका तळ्यात जाणार आहे हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग माझ्या कडेवर हात फिरवत मुलाला म्हणाला, की जिथं लाटा नाहीत तिथं ही कायमची टिकेल.

आंबोलीचा घाट मी ट्रकवर पडून चढले. प्रत्येक वळणावर दोर करकरत होते. घाट संपला आणि दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागला. वाऱ्यानं तो हलायचा तेव्हा मला वाटायचं, हेच ते तळं असणार.

मला विकत घेणाऱ्यांचं नाव धरणेंद्र. ते सदलग्याचे जैन, धंद्यानं तंबाखूचे व्यापारी. लहानमोठे सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचा तंबाखू येत होता आंबेखोल नावाच्या गावातून. हे गाव एका लहान नदीच्या पलीकडं होतं, आणि अलीकडं होतं माळकोप. माळकोपात बाजार, दवाखाना, हायस्कूल, निपाणीची बस, सगळं होतं. आंबेखोलला तंबाखूची आणि मिरचीची शेतं होती, बाकी काही नव्हतं. पण त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण नदी उथळ होती आणि बैलगाडी पाण्यातून सरळ पार व्हायची.

मग खाली धरण बांधलं. नदीचं पाणी मागं सरकत सरकत पसरलं आणि दोन गावांच्या मधोमध तळं झालं. डोंगराला वळसा घालून जाणारी एक वाट होती, पण तिनं जायचं तर दिवस मोडायचा. त्यात माळकोप कर्नाटकात आणि आंबेखोल महाराष्ट्रात. दोन राज्यांची हद्द त्या पाण्याच्या मधून जाते असं सगळे सांगत. मी तिथून जन्मभर आले-गेले, मला ती कधी दिसली नाही. दोन्ही काठांवर बोली एकच, सोयरिकी एकमेकांतच.

पाणी भरलं त्या वर्षी अण्णा तंबाखू न्यायला माळकोपला आले, तर पलीकडच्या काठावर आंबेखोलची माणसं पोती मांडून बसलेली. त्यांनी अण्णांना पाहून टोप्या हलवल्या. अण्णांनीही हात केला. दोघांनाही पुढं काही करता येईना. शेवटी संध्याकाळी ती माणसं पोती पाठीवर टाकून घरी परतली. अण्णा सदलग्याला गेले ते लाँच घ्यायची ठरवूनच.

घरचे हसले. पाणी गाळून पिणारा माणूस पाण्यावर धंदा करायला निघाला, असं भावकीत बोलणं झालं. अण्णांनी मनावर घेतलं नाही.

"पाणी गाळायला फडकं लागतंय, पार करायला लाँच लागती," ते म्हणाले. "दोन्ही ठेवूया की घरात."

अशी 'पद्मावती आगबोट कंपनी' सुरू झाली. पाटी निपाणीच्या पेंटरनं रंगवली. लाँचला आगबोट का म्हणायचं, असं पेंटरनं विचारलं, तर अण्णा म्हणाले, "आगबोट म्हटलं की माणूस जरा भितोय. भ्यालं की नीट बसतोय." कंपनी म्हणजे माळकोपच्या काठावर एक पत्र्याची शेड, एक बाक आणि मी. पुढं माझ्या सोबतीला दोन लहान लोखंडी लाँच आल्या, पण पहिली मीच.

आता रवळूबद्दल सांगायला हवं. रवळू आंबेखोलचा. त्याच्या बापाचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. हातात नांगर धरायची सवय आणि नांगरायला जमीन नाही, असा तो तरुण पोरगा शेडजवळ नुसता येऊन बसायचा. अण्णांनी त्याला एकदा विचारलं, "काय रं, चालवशील काय?"

"येत न्हाय, अण्णा."

"मलाबी कुठं येतंय? मालवणचा माणूस शिकवून जाणार हाय. तू शीक."

रवळू शिकला. मालवणच्या माणसानं त्याला सांगितलं होतं की चाकाकडं बघायचं नाही, पलीकडं बघायचं. रवळूला ते पटकन कळलं, कारण नांगराचं तास सरळ ओढायचं तर बांधावरचं एखादं झाड नजरेत धरावं लागतं. आंबेखोलच्या काठावर एक चिंच होती. रवळूनं ती नजरेत धरली, आणि मग कितीतरी वर्षं मी तिच्याकडं जात राहिले आणि तिच्याकडून परत येत राहिले.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. सकाळी पहिल्या फेरीला दुधाच्या किटल्या आणि हायस्कूलची मुलं. मुलं एका बाजूला गोळा झाली की मी कलायचे आणि रवळू ओरडायचा, "अरं वाटून बसा रं, एका अंगाला का गोळा हुतासा?" बाजारच्या दिवशी मिरचीची पोती येत आणि सगळी लाँच शिंकत शिंकत पार व्हायची. एकदा एक बैल आला. तो मधोमध पाण्यात आल्यावर खाली बसला आणि माळकोपला लागल्यावर उठायलाच तयार होईना. शेवटी तसाच परत आंबेखोलला गेला, तेव्हा उठला. वऱ्हाडं येत, ताशेवाले येत. गणपती येत, त्यांच्यावर छत्री धरलेली असे.

एका पावसाळ्यात तळं फुगलं आणि काठच्या घरांत पाणी शिरलं. त्या दिवशी आम्ही तिन्ही लाँच उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणसं, शेळ्या आणि भांडीकुंडी वर काढत होतो. पुढं हायस्कूलनं सत्कार ठेवला. रवळूला शाल मिळाली आणि मला झेंडूचा हार. हेडमास्तर भाषणात म्हणाले, की ही लाँच म्हणजे दोन गावांच्या मधला रस्ता आहे. टाळ्या पडल्या. तो हार सुकून गळून पडेपर्यंत रवळूनं काढला नाही.

रवळूची बायको नागुबाई. उंच, सडपातळ, मोठ्यानं बोलणारी. दुपारी ती भाकरी घेऊन चिंचेखाली यायची आणि लाँच काठाला लागायच्या आधीच तिचं बोलणं सुरू व्हायचं. इंजिनाच्या आवाजात रवळूला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. तो नुसती मान हलवायचा. मग काठाला लागल्यावर ती विचारायची, "काय म्हटलं मी?" आणि त्याला सांगता यायचं नाही.

त्यांना एकच मुलगी, मंगल. ती माझ्यावरूनच हायस्कूलला गेली. तिला माळकोपचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण नागुबाई तयार नव्हती.

"पाण्यापलीकडं लेक द्यायची न्हाय मला," ती म्हणाली. हे बोलणं माझ्याच बाकावर बसून झालं, म्हणून मला ठाऊक आहे.

"पलीकडं कुठलं ते?" रवळू म्हणाला. "माझ्याच लाँचवर रोज जातीस की तू. सकाळच्याला जायचं, लेकीच्या हातचा चहा प्यायचा, दुपारच्याला माघारी. दुसऱ्या कुणाला एवढं सोपं हाय?"

नागुबाईनं त्याच्याकडं बघितलं. "शबूद देतासा?"

"दिला."

लग्न झालं. वरात माझ्यावरूनच निघाली. आणि रवळूनं सांगितलं तसंच घडत गेलं. नागुबाई सकाळी लेकीकडं जायची आणि दुपारी परतायची. कधी वाटाणे घेऊन, कधी ताक घेऊन, कधी नुसतीच.

मग पुलाची बातमी आली.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. मी पूल कधी पाहिला नव्हता, पण पावसाळ्यात, वाऱ्यात, रवळू आजारी असताना, गाव अडून राहायचं ते मी पाहिलं होतं. माळकोपच्या काठावर मांडव पडला, नारळ फुटला, भाषणं झाली. अण्णा तेव्हा फार थकले होते. त्यांना खुर्चीत बसवून आणलं होतं. सोबत त्यांचा मुलगा गोमटेश होता. तो बेळगावला टिळकवाडीत राहायचा, एका कारखान्यात इंजिनिअर होता.

"अण्णा, पूल झाला की आपली कंपनी बंदच की," गोमटेश म्हणाला.

"व्हय," अण्णा म्हणाले. "पूल नव्हता म्हणून लाँच आणली. पूल आला की लाँचचं काम झालं. वाईट वाटून घ्यायचं न्हाय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "तवर मात्र फेरी चुकवू नको."

त्या वर्षीच्या थंडीत अण्णा गेले. गोमटेशनं फेरी चुकवली नाही. नोकरी सांभाळून तो दर रविवारी बेळगावहून यायचा, डिझेलचं बघायचा, रवळूशी बोलून परत जायचा.

पाण्यात खांब उभे राहू लागले. मोठमोठी यंत्रं माळकोपच्या बाजूनं पुढं पुढं सरकत होती. आम्ही त्यांच्या बाजूनं जायचो, तेव्हा मुलं खांब मोजायची आणि कामगारांना हात करायची. असाच एकदा परवान्याच्या कचेरीतला एक साहेब शेडमध्ये आला. तो म्हणाला, लाँच जुन्या झाल्यात, खांबांच्या मधून चालवणं धोक्याचं आहे, आणि पूल तर होतोच आहे, त्यामुळं परवाना पुढं मिळणार नाही.

"पूल पुरा होईपर्यंत तरी चालू द्या," गोमटेशनं विनवलं.

"तात्पुरतं बंद करा," साहेब म्हणाला. "थोडे दिवस कळ काढा."

मला दोर लावून माळकोपच्या काठावर ओढलं. खाली दगड लावले. पाण्यातून बाहेर आल्यावर माझं मलाच किती जड वाटलं ते सांगता येणार नाही. आपल्याला वजन असतं हे पाण्यात असताना मला ठाऊकच नव्हतं. दोन्ही लोखंडी लाँच भंगारात गेल्या. मला ठेवलं, कारण लाकडाला भंगारवाला विचारत नाही.

पूल मधोमध आला, म्हणजे ती हद्द जिथं आहे असं म्हणतात तिथंवर, आणि थांबला. पुढचं अर्धं काम पलीकडच्या राज्यानं करायचं होतं. तिथं अजून एक टोपलं मातीही पडली नव्हती. आधी जमिनीचा प्रश्न आहे असं कळलं, मग ठेकेदार मिळत नाही, मग निवडणूक. इकडच्या ठेकेदारानं आपलं काम पुरं झालं म्हणून यंत्रं गाडीवर घातली आणि तो निघून गेला. शेवटच्या खांबापुढं रस्ता सरळ हवेत संपला होता. तिथं आडव्या दोन बल्ल्या बांधल्या. सुट्टीच्या दिवशी लोक गाड्या घेऊन तिथंवर यायचे, फोटो काढायचे आणि परत जायचे.

आता आंबेखोलला ना पूल होता ना लाँच.

गोमटेश आणि रवळू कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागले. ते परत आले की माझ्या सावलीला बसत, म्हणून सगळं मला कळायचं. इकडच्या कचेरीत सांगत, "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. उद्या गेलं की विचारत, "तुमचे प्रवासी कुठले? महाराष्ट्राचे. मग परवाना त्यांच्याकडनं आणा." तिकडच्या कचेरीत खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे, "लाँच कुठली? कर्नाटकातली. मग आम्ही कसा परवाना देणार?"

एकदा रवळूनं तिथं विचारलं, "साहेब, मग पाणी कुणाचं हाय?"

"पाणी पाटबंधारे खात्याचं," साहेब म्हणाले. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

रवळूनं माझं इंजिन मरू दिलं नव्हतं. वळसा घालून तो दर आठवड्याला यायचा, तेल घालायचा, हातानं फिरवायचा, फडक्यानं पुसून वर पोतं टाकायचा. पण पावसाळ्यामागून पावसाळे गेले. शेडचा पत्रा उडाला. एक दिवस गोमटेश आला तो एका मेकॅनिकला घेऊनच.

"रवळूआप्पा," गोमटेश म्हणाला, "इंजिन असंच पडून कुजून जाईल. गळतग्याकडं एकाला विहिरीवर पायजे हाय. निदान चालत तरी राहील."

रवळूनं इंजिनावरचं पोतं काढलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. "काढा," तो म्हणाला. "मला सांगून काढतायसा, हेच लई झालं."

चार माणसांनी ते उचललं. मित्रांनो, माझ्या पोटात जिथं इंजिन होतं तिथं नंतर एका कुत्रीनं पिल्लं घातली. त्यांची ऊब बरी वाटायची. मग तीही मोठी होऊन गेली.

आंबेखोलच्या लोकांना गप्प बसून चालणार नव्हतं. गावात एकाचं गुऱ्हाळ होतं. उसाचा रस उकळून गूळ करायची मोठी लोखंडी काहील तुम्ही पाहिली असेल, चुलाणावर ठेवतात ती. पूर आला की आपल्याकडं लोक त्या काहिलीत बसून पार होतात. आंबेखोलनं ती रोजचीच नाव केली. काहील गोल असते. तिला तोंड नाही, शेपूट नाही, सुकाणू नाही. वल्हं मारलं की ती पुढं जाण्याआधी स्वतःभोवती फिरते. मी काठावरून बघायचे तेव्हा माझा जीव घाबरा व्हायचा. हायस्कूलला येणाऱ्या मुली आधी बंद झाल्या, मग मुलगे. दूध डेअरीला घालणं बंद झालं, म्हशी विकल्या गेल्या. अगदी गरजेच्या वेळी मात्र काहील पाण्यात उतरायची, आणि वल्हं रवळूच्याच हातात असायचं. दुसऱ्या कुणावर गावाचा विश्वास नव्हता.

नागुबाईचं लेकीकडं जाणं आता वळशाच्या वाटेनं महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं, तेही मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागं बसून. तिचे गुडघे आता साथ देत नव्हते. मंगल मात्र रोज धुणं घेऊन माळकोपच्या काठावर यायची. पलीकडं चिंचेखाली तिची आई उभी असायची. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही, फक्त लुगड्याचा रंग दिसतो. नागुबाईचं मोठ्यानं बोलणं पाण्यावरून अर्धंच पोचायचं.

मंगलला बऱ्याच वर्षांनी मूल झालं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं ठरलं.

त्या दिवशी सकाळपासून वारा होता. त्या सकाळी घरात काय बोलणं झालं ते मला पुढं रवळूच्या तोंडून कळलं. तो नागुबाईला म्हणाला होता, "वारं लई हाय. आज ऱ्हाऊ दे. उद्या जाऊया."

"बारसं काय उद्या असतंय व्हय?" नागुबाई म्हणाली. तिनं नातीसाठी स्वतःच्या हातानं कुंची शिवली होती, खणाची, कडेला मणी लावलेली. ती तिनं पदराच्या गाठीत बांधली होती. "वळशानं गेले तर पोचूस्तवर पाळणा म्हणून संपलंय. तुम्हीच शबूद दिलता न्हवं, माझ्या लाँचवर रोज जातीस म्हणून? लाँच न्हाय तर काहील सही."

रवळूनं काहील पाण्यात ढकलली.

माळकोपच्या काठावर बारशाच्या बायका गोळा झाल्या होत्या. मंगल घरी होती. बाळंतिणीला बाहेर येऊ दिलं नव्हतं. मी नेहमीसारखी दगडांवर होते. काहील निघालेली मला दिसली. ती फिरत फिरत, पण नीट येत होती. रवळू वारा बघून वल्हं मारत होता. अर्ध्यावर आली. तिथं पुलाच्या खांबांमुळं पाणी वेडंवाकडं वळतं, हे चालू लाँचला जाणवत नाही, काहिलीला जाणवतं. ती एका अंगावर झाली. नागुबाई बसलेली होती ती दचकून उठली असावी. काहील तशीच कलती झाली आणि पाणी प्याली. लोखंड ते. एकदा पाणी आत आलं की ते तरंगत नाही.

काठावरच्या एका बाईनं हंबरडा फोडला आणि सगळ्या धावल्या. कुठं धावायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. दोन माणसं माझ्याकडं पळत आली. सवयीनंच आली असतील. एकानं माझ्या दोराला हात घातला. मग त्याला माझ्या पोटातली मोकळी जागा दिसली आणि त्यानं दोर सोडून दिला.

मित्रांनो, त्याचा राग मी करत नाही. पण तो हात मला अजून जाणवतो.

मासे धरणारा एक जण टायरच्या ट्यूबवर बसून गेला. त्यानं रवळूला ओढून काढलं. नागुबाई दुसऱ्या दिवशी सापडली, पुलाच्या शेवटच्या खांबाशी. कुंची पदराच्या गाठीतच होती.

पोरीचं बारसं झालं नाही. पुढं शाळेत घालताना घरच्यांनी तेजस्वी असं नाव सांगितलं, तेच राहिलं.

त्यानंतर खूप माणसं आली. दोन्ही राज्यांतून आली. पुलाच्या टोकावर उभी राहिली, पाण्याकडं बोट दाखवून बोलली. माळकोपच्या काठावर एक पाटी लागली, 'पाण्यात उतरणे धोक्याचे आहे'. काहील तळातून वर काढून जप्त केली. लाँचबद्दल कुणी विचारलं नाही. पुलाबद्दल विचारलं, तर लवकरच होईल असं सांगितलं.

गोमटेश बेळगावहून आला तेव्हा रवळू माझ्या बाकावर बसला होता. आता तो लेकीकडंच राहत होता. गोमटेश त्याच्याशेजारी बसला.

"आप्पा, मी इंजिन काढायला नको हुतं," तो म्हणाला.

"इंजिन असतं तरी परवाना कुठं हुता?" रवळू म्हणाला. "तुमचं काय चुकलं न्हाय. साहेबांचंबी काय चुकलं न्हाय. सगळ्यांनी आपापलं केलं." मग पाण्याकडं बघत तो म्हणाला, "माझं मात्र चुकलं. वारं हाय म्हटलं हुतं मी. मग हट्ट धरायचा हुता."

आंबेखोल मोकळं होत गेलं. कुणी इचलकरंजीला गेलं, कुणी बेळगावात खासबागेला विणकामाच्या मागावर कामाला लागलं, कुणी कोल्हापूरच्या कारखान्यांत. घरांना कुलपं लागली, मग कुलपांचीही गरज उरली नाही. तंबाखूची शेतं पडीक झाली. प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. आता कुणी पूल पुरा केला, तरी त्यावरून जायचं कुणाकडं, असा प्रश्न आहे. पुलाचं काम अजूनही झालेलं नाही.

गोमटेशनं माझ्यासाठी बरंच केलं. कुठं संग्रहालयात ठेवतील का, शाळेत ठेवतील का, विचारून पाहिलं. कुणाला जागा नव्हती. शेवटी निपाणीजवळच्या हायवेवरच्या एका ढाब्यानं मला घेतलं. त्यांनी मला निळा-पांढरा रंग दिला, वर दिव्यांच्या माळा सोडल्या, आत टेबलं मांडली. माझ्यात बसून लोक जेवतात. मुलं चाक फिरवतात. ते चाक आता कशालाच जोडलेलं नाही, म्हणून हवं तेवढं फिरतं. मुलं हसली की मला बरं वाटतं. ढाब्याचा मालक वाईट नाही, तो मला रोज पुसून घेतो. पण मला ज्या कामासाठी बांधलं, ते आता माझ्याकडून कधी होणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात रवळू मला बघायला आला. मंगल आणि छोटी तेजस्वी सोबत होत्या. त्या दोघी बाहेर उसाचा रस घेत थांबल्या. रवळू एकटा आत आला. गर्दी नव्हती. त्यानं कडेच्या फळ्यांवरून हात फिरवला, बाकाखाली वाकून बघितलं, आणि सवयीप्रमाणं तळाशी हात घालून पाणी आलंय का ते चाचपलं. तिथं त्याच्या बोटाला एक भोक लागलं. ड्रिलनं पाडलेलं, चांगलं गोल.

"हे काय हो?" त्यानं वेटरला विचारलं.

"फरशी धुतल्यावर पाणी जायला पाडलंय, आजोबा. न्हायतर आतच तुंबतंय."

रवळूनं त्या भोकात बोट घालून बघितलं. बोटाला खालची माती लागली. मी आयुष्यभर जे एक भोक पडू नये म्हणून जपली गेले, ते हे. मला वाटलं, तो रागावेल. त्यानं बोट धोतराला पुसलं आणि उठून उभा राहिला.

"बरं केलासा," तो म्हणाला. "आता बुडायची भीती न्हाय हिला."

मग तो बाहेर गेला, नातीचा हात धरला आणि बसथांब्याकडं चालू लागला. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या गावाला पूल येणार असेल, तर आनंद करा. पूल चांगलाच असतो. पण शेवटच्या माणसाचा पाय पलीकडच्या काठाला टेकेपर्यंत जुनी नाव पाण्यातून काढू देऊ नका. तात्पुरतं काढतो असं कुणी म्हणालं, तरी देऊ नका. तिच्या इंजिनात तेल घाला, तिच्या फटी बुजवा, तिच्या माणसाला कामावर ठेवा. हे मी आंबेखोलला सांगायला हवं होतं. तिथं आता ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगते.